डावीकडून

सळईच्या कंपनीनं जुनं कँटीन रिकामं केलं,
भिंतींना दोन हात पांढरा दिला
आणि तिथं आम्हाला शिकवायला घेतलं
पाहुण्याला कसं वाढायचं.

जालन्यात हे शिकायला कधी वर्ग लागला नव्हता.
पण हे वाढणं वेगळं.
डावीकडून जेवण, उजवीकडून पाणी,
अंगठा ताटाच्या काठाआत जाता कामा नये.

फॉर्मवर नावापुढं छापलेलंच होतं:
दीपमाला मारोती खिल्लारे, चंदनझिरा, लाभार्थी.
आईनं विचारलं, म्हंजी काय?
म्हटलं, फुकट.
फुकट काय नसतंय, ती म्हणाली, बूट कोण देणार?
बूट कंपनीनंच दिले. एक नंबर मोठे.
टाचेत कापूस कोंबून मी तीन महिने
'गुड इव्हनिंग सर' म्हणत होते
भिंतीवरच्या कॅलेंडरला.

लतीफ सरांनी औरंगाबादच्या हॉटेलात बावीस वर्षं काढली.
अजिंठ्याला निघालेले कितीतरी देश
त्यांनी नाश्त्याला बसवलेत.
ते म्हणतात, कपबशी वाजली
की समजा, मधेच तुम्ही बोललात.
पलीकडं मिलमध्ये लालभडक सळई सुटते,
सगळं शेड हादरतं,
आणि इकडं आम्ही सोळा जण
चमचा खाली ठेवतो
आवाज न करता.

सोमवारी आम्हीच वाढपी, आम्हीच पाहुणे.
माझी पाळी बसायची.
मंठ्याचा अश्रुबा, परवापर्यंत भट्टीवर कच्च्या विटा उलटणारा,
पाठ सरळ, एक हात मागं,
वाकून म्हणाला,
'मॅडम, आपण काय घेणार?'

रुखसाना हसली. मग तीही थांबली.
हातात कार्ड. चार पानं. सूपच सात तऱ्हेचं.
आमच्या घरी विचारतात ते, अजून लागतंय का,
तेही आधी पातेल्यात बघून.
मी कार्ड वाचत राहिले, धडा वाचावा तसं,
खालपर्यंत, किमतींसकट.
अश्रुबा उभा. त्याची पेन्सिल उभी.
सर म्हणाले, बेटा, पाहुणा बोललाच नाही
तर ह्यानं शिकायचं कसं?
मी म्हटलं, पाणी.
ते तर न मागता येतं, सर म्हणाले.
तेवढ्यात मिलचा भोंगा झाला
आणि मी सुटले.

शुक्रवारी मोठे साहेब आले, सोबत फोटोवाला,
नफ्यातले दोन टक्के
ॲप्रन घालून कसे दिसतात ते बघायला.
मी डावीकडून डाळ वाढली.
मोबाइलवरून नजर न काढता ते म्हणाले, बस.
मला राग यायला हवा होता का?
शोधला. सापडला नाही.
एवढंच दिसलं,
त्यांनी ताट सरकवलं तेव्हा
अंगठा काठाच्या आत होता.

रात्री आई बियाण्याच्या गोदामातून आली,
केसांत सरकीची बारीक लव.
मी पाठ सरळ केली, एक हात मागं घेतला.
'आपण काय घेणार?'
घरात पिठलं होतं. फक्त पिठलं.
ती माझ्याकडं बघत राहिली
मी कार्डाकडं बघितलं होतं तसं.
मग म्हणाली, 'काय करायलीस गं?
सरक तिकडं, उजेड अडवायलीस.'
आमचा बल्ब डाव्या भिंतीवर आहे.
मी उजवीकडून वाढलं.

अर्धी भाकरी झाल्यावर,
माझ्याकडं नाही, चुलीकडं बघत,
ती हळूच म्हणाली,
'शेवग्याच्या शेंगा.
येसर घालून.
पातळ.'

माझी पेन्सिल कंपनीत राहिली होती.